डहाणूच्या पाड्यावरील लग्नचौक

आमच्या घरी धाकट्या पुतणीचे लग्न ठरले, तेव्हा पहिली चर्चा साड्यांची झाली नाही की दागिन्यांचीही झाली नाही; ती मंडपाच्या शोभेची झाली. शोभेचे काम करणारे एक गृहस्थ नमुन्यांचे जाड बाड घेऊन संध्याकाळी आले, आणि दिवाणखान्यात आजीपासून नातवंडांपर्यंत सर्व मंडळी भोवती जमली. बाडातील बहुतेक पाने कोणी धड पाहिली नाहीत. मात्र एका पानावर सर्वांचे एकमत झाले. गेरूच्या रंगाच्या कापडावर पांढऱ्या रेघांनी छापलेली वारली चित्रे होती ती. फेर धरून नाचणारी माणसे, ताडाची झाडे, वरात, बैल, आणि मधोमध जाळीदार किनारींनी सजविलेली एक मोठी चौकट. चौकट आतून मोकळी होती.

आमच्या ताईआत्यांनी चष्मा वर सरकवून ते पान बराच वेळ पाहिले. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. ऐन तारुण्यात वैधव्य आल्यावर त्या माहेरी परतल्या, आणि त्यानंतरच्या आमच्या घरच्या प्रत्येक लग्नाची तयारी त्यांच्या हातून झाली. त्या म्हणाल्या, “बाकी सारे छान आहे हो. पण हे मखर कोणाचे? आत देव कुठे आहे?” ते गृहस्थ म्हणाले, “आजी, तिथे नवरानवरीची नावे घालतात.” ताईआत्यांचे समाधान झाले नाही. “मखर आधी आणि नावे मागून, असे कसे? कोणीतरी बसत असेलच तिथे,” असे म्हणून त्यांनी बाड मिटले. त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणालाच देता आले नाही. कापड मागविण्याचे काम आठ दिवस पुढे ढकलले गेले, आणि त्या आठ दिवसांत आम्हांस डहाणूची वाट धरावी लागली.

निमित्तही चालून आले. आमच्या परिचयाच्या एक शिक्षिका त्या बाजूच्या आश्रमशाळेत अनेक वर्षे शिकवीत आहेत. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या भावाचे लग्न त्याच आठवड्यात होते. बाईंनी पाड्यावर विचारले, तेथून “या” असा निरोप आला, आणि माघातील एका पहाटे आम्ही चौघे जण पार्ल्याहून निघालो. ताईआत्यांना नेऊ नये असे घरात ठरले होते. परंतु निघण्याच्या वेळी त्या पायांत चपला घालून दारात उभ्या होत्या. मग तो विषय कोणी काढला नाही.

विरारला गाडी बदलली. २०१३ सालापासून डहाणूपर्यंत लोकलगाड्या धावू लागल्या आहेत, त्यामुळे पूर्वीची लांबच्या गाड्यांची वाट पाहणे आता उरलेले नाही. वैतरणेच्या खाडीवरून गाडी गेली की मुंबई मागे पडल्यासारखे वाटते. सफाळे, केळवे, पालघर, बोईसर, वाणगाव अशी स्थानके येत जातात. मिठागरे, भाताच्या कापलेल्या शेतांतील खुंट, मधूनच ताडाच्या रांगा दिसतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा निघालेला पालघर जिल्हा तो हाच. डहाणूस उतरावे तो स्थानकाबाहेर चिकूच्या पाट्या घेऊन बायका बसलेल्या. पश्चिमेला समुद्र आणि चिकूच्या वाड्या. पूर्वेला मात्र जमीन हळूहळू चढत जाते, आणि डोंगरांच्या कुशीत पाडे सुरू होतात. चैत्री पौर्णिमेपासून ज्या महालक्ष्मीची मोठी जत्रा भरते तिचे देऊळही याच बाजूला, चारोटीजवळच्या हमरस्त्यावर आहे. आम्ही एक जीप ठरविली. डांबरी रस्ता संपल्यावर धुळीची वाट लागली, आणि ती संपल्यावर उरलेले अंतर पायी गेलो. ताईआत्या सर्वांच्या पुढे होत्या.

पाडा म्हणजे वीस-पंचवीस घरे, एकमेकांपासून हातभर नव्हे तर चांगली शेतभर अंतरावर. काही घरांना आता विटांच्या भिंती आणि पत्रे आले आहेत. ज्या घरी लग्न होते ते मात्र जुन्या पद्धतीचे होते. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यांवर शेणामातीचा गिलावा, वर उतरते छप्पर. अंगणात मांडव घातला होता. आत शिरल्यावर डोळ्यांना काही दिसेना. खिडकी अशी नव्हतीच. अंधार सरावल्यावर समोरची भिंत दिसली. तिच्यावर शेण सारवून वर गेरूचा हात दिला होता, आणि त्या तांबड्या भिंतीपुढे चार-पाच बायका बसल्या होत्या.

त्यांच्यापुढे एका वाटीत तांदळाचे पीठ पाण्यात कालविलेले होते. ते भिंतीस धरून राहावे म्हणून त्यात थोडा डिंक. हे तांदूळ बाजारचे नव्हेत, घरच्या शेतातले. ते कांडतानाही गाणी म्हणावयाची असतात, असे आमच्या बाईंनी सांगितले. कुंचला म्हणाल तर बांबूची बारीक काडी, टोक दाताने चावून मऊ केलेली. याखेरीज तेथे दुसरे साहित्य नव्हते. रंग एकच, पांढरा. आमच्याकडे एका निमंत्रणपत्रिकेसाठी रंगांची किती चर्चा झाली होती ते आठवून आम्ही मनात ओशाळलो.

बायकांनी चौकटीपासून आरंभ केला होता. चारी बाजूंनी एकात एक अशा किनारी: साखळ्या, नागमोडी रेघा, बारीक त्रिकोणांच्या रांगा. मोजपट्टी नाही, आखणी नाही. एकीने एका कोपऱ्यापासून रेघ आणावयाची, दुसरीने दुसऱ्या कोपऱ्यापासून, आणि दोन्ही मध्ये मिळावयाच्या. त्या मिळत होत्या. कोठे अर्धा बोट फरक पडलाच तर तेथे एक जादा टिंब येई, आणि काम पुढे सरके. मागे एक वृद्ध स्त्री बसून संथ स्वरात गात होती. ती धवलेरी. वारल्यांच्या लग्नात गाण्यांच्या आधाराने विधी चालविण्याचा मान तिचा असतो. एका गाण्याने एक काम सुरू होते आणि दुसऱ्याने दुसरे. तिच्या हाती पोथी नव्हती. सारे पाठ होते.

किनारी झाल्यावर मधल्या जागेत एक आकृती उतरू लागली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून धड, दोन्ही बाजूंना उचललेले हात. ती पालघाट देवी. झाडापेरांची, पिकाची आणि लेकुरवाळेपणाची ही देवता. तिच्या आजूबाजूस सूर्य आला, चंद्र आला, बाशिंग, फणी आणि शिडी आली. मोठ्या चौकाशेजारी एक लहान चौक निघाला. तो पंचशिऱ्या देवाचा, ज्याच्या धडावर शिराच्या जागी धान्याचे पाच कोंब असतात. ताईआत्या भिंतीपासून दोन हातांवर बसून हे सर्व पाहत होत्या. देवी पुरी झाल्यावर त्या आमच्याकडे वळून एवढेच म्हणाल्या, “बसली.”

मग त्यांनी बायकांशी बोलणे काढले. चित्र काढायला तुम्हांला कोणी शिकविले, असे विचारले. त्यांतील एकजण हसली. तिने सांगितले की चौक काढत नाहीत, चौक लिहितात. आणि तो शिकवीत नाहीत, आईशेजारी बसले की येतो. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. तो लिहावा मात्र सवाशिणींनीच. हे शेवटचे वाक्य ऐकून ताईआत्यांनी मान हलविली. “आमच्याकडेही तसेच,” त्या म्हणाल्या, आणि पीठ कालविण्यासाठी पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला. हे फार थोड्यांच्या लक्षात आले असेल.

दुपारी मांडवात नवऱ्या मुलाच्या आजोबांजवळ बसलो. त्यांच्या बोलण्यातील काही शब्द आम्हांस कळत नसत. तेवढे बाई उलगडून सांगत. चौकाला खर्च किती येतो, असे आमच्यातील एकाने भाबडेपणाने विचारले. आजोबा म्हणाले, ओंजळभर तांदूळ. खर्च चौकाला कधीच आला नाही. खर्च आला तो देज देण्याला, जेवणावळीला आणि ताडीला. (आपल्याकडे मुलीच्या बापाने हुंडा देण्याची रूढी होती, आणि १९६१ च्या कायद्याने ती गुन्हा ठरली तरी आडवाटेने ती अजून घरांत शिरते, येथे मुलाच्या बाजूने मुलीकडच्यांस देज द्यावयाचे असते.) त्या खर्चापायी कित्येक जोडपी आधी एकत्र राहू लागतात आणि पैसा जमल्यावर, कधी मुले झाल्यावरही, लग्न लावतात. त्यात कोणास लाज वाटत नाही.

परंतु ज्यांना वाट पाहवली नाही त्यांचे काय होई? आजोबांनी आपल्या वडिलांची पिढी सांगितली. लग्नापुरते पैसे जमीनदाराकडून घ्यावयाचे, आणि त्याबद्दल नवऱ्याने व त्याच्या बायकोने त्याच्या शेतावर राबावयाचे. व्याज फिटत नसे, मुद्दल तर दूरच. अशा माणसास या मुलखात नावच पडले होते: लग्नगडी. लग्न करून माणूस स्वतःच्या घराचा धनी व्हावा, तो दुसऱ्याच्या घरचा बांधील होई. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी किसान सभेच्या झेंड्याखाली हजारो वारली जमले आणि वेठबिगार व लग्नगडीची चाल झुगारून देण्याचा निर्धार त्यांनी केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्यास गोळीबार झाला, माणसे मेली. पण लढा मागे हटला नाही. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे त्या लढ्याचे पुढारी. पुण्याच्या गोखले घराण्यातील ही कन्या या पाड्यांतून हिंडली, आणि त्या दिवसांची हकीकत तिने ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. ते १९७० साली प्रसिद्ध झाले व त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. आमच्या घरच्या कपाटात ते पुस्तक आहे. वाचलेही होते. तरी मंडपाच्या कापडावरील त्या नाचऱ्या आकृत्या पाहताना त्याची आठवण आमच्यापैकी एकासही झाली नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे.

आता हा चौक भिंतीवरून कापडावर कसा आला तेही सांगतो. १९७० नंतरच्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या भागात आले. त्यापूर्वी बिहारमधील मिथिलेच्या स्त्रियांना, ज्या लग्नघरच्या भिंती चितारीत असत, त्यांना कागदावर चित्रे काढावयास लावण्याच्या कामी त्यांचा हात होता. येथेही त्यांनी कागद आणि रंग वाटले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी तो कागद हाती घेतला आणि चौकाबाहेरचे सारे जग त्यावर आणले: शेते, मासेमारीची जाळी, तारपा वाजविणाऱ्याभोवती गुंडाळत जाणारा नाच, मुंग्यांची वारुळे. २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. त्यांच्यामागून पुष्कळ पुरुष चित्रकार झाले, देशोदेशी गेले, आणि पाड्यांत चार पैसे आले. ही गोष्ट चांगलीच झाली. पण ज्या हातांनी पिढ्यान् पिढ्या हे भिंतीवर लिहून ठेवले त्या सवाशिणींपैकी कोणाचे नाव कोणास ठाऊक आहे? चौकाखाली सही करण्याची रीतच नव्हती. पावसाळ्यात भिंत ओलावे, चौक पुसट होई, आणि पुढच्या लग्नाला नवा लिहिला जाई.

निघण्यापूर्वी आमच्या पुतणीने त्या छापील कापडाचे चित्र मोबाइलवर काढून बायकांना दाखविले. त्यांनी ते हातोहात फिरविले. किनारी बऱ्या आहेत, असे त्यांचे मत पडले. मग मधली मोकळी जागा पाहून एकीने विचारले, येथे कोण? पुतणीने खरे ते सांगितले. क्षणभर कोणी बोलले नाही. मग साऱ्याजणी खळखळून हसल्या. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. देवीच्या जागी नवरानवरीच बसली, मग त्यांच्या डोक्यावर हात कोण ठेवणार, असे त्यांपैकी थोरलीने विचारले, आणि ताईआत्यांनी आमच्याकडे असे पाहिले की, ‘हेच मी त्या दिवशी विचारीत होते.’

पुतणीने तेथल्या तेथे विचारले, “आमच्या मंडपासाठी कापडावर तुम्ही काढून द्याल का?” त्या तयार झाल्या. नाच काढू, झाडे काढू, वरात काढू, म्हणाल्या. चौक मात्र नको. धवलेरी नाही, गाणी नाहीत, तेथे देवी बसवून काय करावयाचे? आम्हांस ते पटले. मोबदला त्यांनी सांगितला. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीशी पाव घटका हुज्जत घालणाऱ्या ताईआत्यांनी तो एका शब्दाने कमी केला नाही. उलट निम्मी रक्कम कनवटीची काढून आगाऊ दिली. एकच अट त्यांनी घातली. कापडाच्या खालच्या कोपऱ्यात काढणाऱ्यांची नावे हवीत.

तीन आठवड्यांनी कापड घरी आले. कोपऱ्यात तीन नावे होती. दोन त्यांच्या त्यांच्या हातची, जपून, अक्षर अक्षर सुटे लिहिलेली; तिसरे आश्रमशाळेतल्या मुलीने आजीसाठी लिहिलेले. ते कापड बोहल्यामागे लागले. ज्यांना मंडपाची शोभा पाहून यजमानांची ऐपत ठरविण्याची सवय असते त्यांना ते साधे वाटले असेल. तथापि पुष्कळ पाहुणे जवळ जाऊन नावे वाचीत होते, आणि आमच्या घरची मुले त्यांना ती कोणाची हे सांगत होती.

रुखवताचाही प्रश्न आला. हल्ली ते तयार मिळते, भाड्यानेही मिळते. ताईआत्या म्हणाल्या, “माझ्या लग्नात रुमाल, तोरणे, मण्यांचे पडदे सारे मी केले होते. दोन महिने डोळे फोडून. सासरकडच्या बायकांनी एकेक टाका उलटून पाहिला. हाताने केले म्हणून ते गोड लागले असे समजू नका. ती परीक्षा होती.” म्हणून रुखवतात काय मांडावयाचे ते मुलीने ठरवावे, आणि नको असेल तर मांडू नये, असे ठरले. तिने लाडू-चिवडा मांडला आणि आपण बांधलेली चार पुस्तके. कोणी ती उलटून पाहिली असल्यास वाचण्यासाठीच पाहिली.

एक गोष्ट मात्र अडली. आमच्या घरी नवरानवरीच्या पाटांभोवती तांदळाच्या पिठाची रांगोळी असते. ठिपके नसतात, चार कोपऱ्यांना चार कमळे आणि त्यांना जोडणारी एक न तुटणारी वेल. दरवेळी ताईआत्या आदल्या रात्री ती सुनांना पाटीवर काढून दाखवीत, आणि सकाळी सुना ती घालीत. त्या स्वतः स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहत. यंदा थोरल्या वहिनींचे गुडघे धरलेले, आणि बाकीच्या साऱ्यांना चिकटवायची रांगोळी तेवढी येते. पुतणी म्हणाली, “आजी, तूच घाल.”

“चौक सवाशिणीने घालावा,” ताईआत्या म्हणाल्या. “तिकडेही तेच ऐकून आलो ना आपण?”

पुतणी म्हणाली, “तिकडे आईशेजारी बसून येतो, हेही ऐकलेच की. मी तुझ्याशेजारी बसते. तू नाही घातलीस तर यंदापासून आपल्या घरातून ती वेल गेली.”

यावर त्या काही बोलल्या नाहीत. घरातील वडीलधारी मंडळी तेथेच होती. त्यांच्यापैकीही कोणी हूं की चूं केले नाही. ताईआत्या पदर खोचून खाली बसल्या, वाटी जवळ ओढली आणि पहिले कमळ घातले. दुसरे पुतणीने घातले, तिसरे वहिनींच्या मुलीने. वेल शेवटी जेथे मिळावयास हवी होती तेथे बोटभर अंतर राहिले. ताईआत्यांनी त्यात एक जादा पान घातले आणि हात झटकले.

लग्न लागल्यावर मुलाची आजी रांगोळीपाशी थांबली. एवढी वेल कोणी घातली, असे तिने विचारले. आम्ही ताईआत्यांकडे बोट दाखविले. विहीणबाईंच्या सासूबाई त्या. काय म्हणतात इकडे आमचे लक्ष लागून राहिले होते. त्या आत गेल्या, ताईआत्यांच्या शेजारी पाट ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “कमळ आले लक्षात; पण वेल कोपऱ्यावर वळते कशी, ते जरा पाटीवर काढून दाखवा हो.” घरात पाटी सापडेना. मग उरलेले पीठ होते ते परातीत पसरून ताईआत्यांनी त्यांना वळण दाखविले.